नऊ वर्षं सांभाळलेली लायब्ररी आता सोडायची आहे, पण कुणाच्या हाती?

मेमोफील्ड

नमस्कार. जरा लांब लिहितेय, कारण हे आजवर कुणाला सलग सांगितलेलं नाही.

२०१६ साली ऑफिसच्या एका कामासाठी मी डीबीएफ फाइल वाचणारी छोटीशी पायथन लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून वापरता येईल असा कोड, लिहिली. डीबेस-फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या जमान्यातला हा फॉरमॅट. तो कधीच संपला असं लोकांना वाटतं, पण नकाशाच्या शेपफाइलसोबत माहितीचा जो तक्ता येतो तो आजही डीबीएफच असतो. काम झालं, कोड खुला केला, कुणीही फुकट वापरावं असं एमआयटी लायसन्स लावलं. २०१९ मध्ये ती नोकरी सुटली. त्यानंतर स्वतःच्या कामासाठी मला एकही डीबीएफ फाइल उघडावी लागलेली नाही. लायब्ररी मात्र अजून माझ्याच गळ्यात आहे.

'गळ्यात' असं लिहिलं आणि मलाच वाईट वाटलं. मला ती आवडते. तिच्यातला मेमो फील्ड (लांब मजकुराचा रकाना) वाचणारा भाग मी तीनदा पुन्हा लिहिलाय आणि तिसऱ्या वेळचा कोड आजही वाचताना समाधान होतं.

सध्या ८७ इश्यू (लोकांच्या तक्रारी-मागण्या) उघडे आहेत, १४ पुल रिक्वेस्ट (लोकांनी पाठवलेले कोडबदल) पडून आहेत, शेवटचं रिलीज आठ महिन्यांपूर्वीचं. महिन्याला साडेतीन लाख डाउनलोड दिसतात. त्यातले बहुतेक कुठल्या ना कुठल्या सीआय मशीनचे, म्हणजे कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या मशीनचे, हे कळतं. पण त्या मशीनमागे कुणाचं तरी काम चाललेलं असतंच. नऊ वर्षांत बावीस जणांनी कोड दिला. त्यातल्या एकोणीस जणांनी एकेक पॅच दिला आणि ते गेले. त्यांची गरज भागली, माझी तक्रार नाही. उरलेल्या तिघांची आयुष्यं आता वेगळ्या कामांनी भरलेली आहेत.

कोड लिहून मी कधी थकले नाही. थकवा येतो तो उत्तरं देऊन. एक उदाहरण देते. डीबीएफच्या हेडरमध्ये, शून्यापासून मोजत गेलं तर २९व्या बाइटला, मजकूर कुठल्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या संकेतांच्या तक्त्यात) आहे त्याचा आकडा असतो. म्हणजे असायला हवा. कितीतरी प्रोग्रॅम तिथे शून्य लिहून मोकळे होतात, काही चुकीचाच आकडा लिहितात. पूर्वी माझी लायब्ररी हा बाइट बघतच नसे, सगळं लॅटिन-१ धरून चालायची. ३.२ आवृत्तीत मी तो बाइट मानायला सुरुवात केली. फॉरमॅटच्या हिशेबाने बरोबर होतं. पण ज्यांच्या फाइलींत तो आकडा चुकीचा होता आणि तरी इतकी वर्षं सगळं नीट दिसत होतं, त्यांची अक्षरं बिघडली. दोन दिवसांत चाळीसेक मेसेज आले. एका मोठ्या कंपनीतल्या इंजिनिअरने लिहिलं, "आमचं प्रॉडक्शन बंद आहे, आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा." त्या संध्याकाळी बाबांचं ऑपरेशन होतं. वॉर्डबाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन मी ३.२.१ काढलं. दुरुस्ती चालली की नाही एवढं सांगायलाही तो माणूस परत आला नाही.

त्या दिवसानंतर इश्यूची पानं उघडताना छातीत धडधडायला लागलं. मग मी ती उघडणंच कमी केलं. आणि न उघडल्याची टोचणी वेगळी.

आता खरा प्रश्न. गेले चार महिने एक जण फार चांगलं काम करतोय. फॉक्सप्रोच्या मेमो फाइलमधला ब्लॉक साइजचा जुना बग त्याने शोधून काढला. आपण सरसकट ५१२ धरत होतो, फॉक्सप्रोत तो फाइलच्या हेडरमधून वाचावा लागतो. पॅचसोबत तीन नमुना फाइलीही दिल्या. मागच्या आठवड्यात त्याने विचारलं, "रिलीज करायचे हक्क मला देता का? तुमचा भार हलका होईल." अगदी अदबीने विचारलं. मला त्याचं खरं नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही.

एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या (कॉम्प्रेस करणाऱ्या) खुल्या साधनाचं प्रकरण माझ्या मनातून जात नाही. तिथेही एकटाच थकलेला मेन्टेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, होता. हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, असं त्याने मेलिंग लिस्टवर सांगितलं होतं. २०२२ मध्ये अनोळखी खाती येऊन "काम फार हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला घ्या" म्हणून त्याच्यामागे लागली. मदतीला उभा राहिलेला माणूस दोन वर्षं व्यवस्थित काम करत राहिला आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधून इतरांच्या मशीनमध्ये गुपचूप शिरायला मागचा दरवाजा बसवला. एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खणत बसलेल्या एका इंजिनिअरमुळे ते २९ मार्चला उघडकीला आलं.

माझ्याकडे आलेला माणूस तसा असेल असं मला वाटत नाही. तसा संशय घेणं हा त्याच्या चार महिन्यांच्या कष्टाचा अपमान आहे. पण हक्क देऊन टाकले आणि उद्या काही झालं, तर? आणि नाही दिले तर मी कधी सुटणार? तुमच्यापैकी कुणी असं काही हातावेगळं केलं असेल तर सांगा, कसं केलंत?

पॅकेजपाल

ताई, मी एका लिनक्स वितरणासाठी पॅकेजं सांभाळतो, तेही बिनपगारीच. तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळे हक्क एकत्र झालेत, ते आधी सुटे करा. रेपोत (कोडच्या भांडारात) कोड मर्ज करणं, म्हणजे मिसळून घेणं, एक आणि रिलीज पायपीआयवर, जिथून लोक पायथनची पॅकेजं उतरवतात तिथे, चढवणं दुसरं. पहिला हक्क देताना फार घाबरू नका. मर्ज झालेलं सगळ्यांना दिसतं, उलटवताही येतं. जपायचा तो दुसरा.

एक्सझेडमध्ये नेमकी हीच फट वापरली गेली. दुष्ट कोड चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (उतरवायच्या गठ्ठ्यात) होती. रेपो वाचणाऱ्याला काही दिसलंच नसतं. म्हणून रिलीज कुणाच्याही लॅपटॉपवरून निघू देऊ नका, तुमच्यासुद्धा. पायपीआयवर २०२३ पासून ट्रस्टेड पब्लिशिंग आहे. रेपोतल्या टॅगवरून सीआयच पॅकेज बांधतं आणि चढवतं, कुणाकडे टोकन (गुप्त किल्ली) ठेवावं लागत नाही. त्या पायरीला गिटहबवर मंजुरी देणारे लोक नेमता येतात, आणि ज्याने रिलीज सुरू केलं त्यालाच मंजुरी देता येणार नाही अशी अटही घालता येते. म्हणजे त्याने रिलीज तयार करायचं, तुम्ही पाहून हो म्हणायचं. तुमचं काम महिन्याकाठी अर्ध्या तासावर येईल.

आता त्या तीन नमुना फाइली. त्या बायनरी असणार. एक्सझेडचा मुख्य ऐवज टेस्टसाठी ठेवलेल्या कॉम्प्रेस्ड फाइलींतच लपवलेला होता. त्याच्यावर आरोप नाही, पण "फाइली नकोत, त्या बनवणारी पायथन स्क्रिप्ट दे" असं सांगा. डीबीएफचं हेडर साधं आहे, वीस-तीस ओळींत नमुना फाइल तयार होते. हा नियम सगळ्यांसाठी म्हणून लिहून ठेवा, म्हणजे एकट्या त्याला लागणार नाही.

सोडून देण्याची लाज वाटून घेऊ नका. डेबियन या लिनक्स वितरणात त्याची रीतसर सोय आहे. मेन्टेनर 'दत्तक घेणारा हवाय' अशी नोंद करतो, नाहीतर पॅकेज सरळ 'अनाथ' जाहीर करतो आणि मग ते क्यूए (गुणवत्ता बघणाऱ्या) गटाच्या नावावर जातं. पर्ल भाषेच्या सीपॅन या भांडारावर 'अ‍ॅडॉप्टमी' नावाचं नावापुरतं खातं आहे, मॉड्यूलच्या मालकांत ते जोडलं की सगळ्यांना कळतं. शब्द जरा कठोर आहेत, पण त्यामुळे कुणी अंधारात राहत नाही.

सरळरेषा

मी वेगळं सांगतो. आर्काइव्ह करा, म्हणजे प्रकल्प फक्त वाचण्यापुरता ठेवा, आणि मोकळ्या व्हा.

एमआयटी लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलंय की सॉफ्टवेअर जसं आहे तसं मिळेल, कसलीही हमी नाही. तुम्ही नऊ वर्षं फुकट दिलीत. कोड वाचायला, कॉपी करायला सगळ्यांना खुला राहणारच आहे. ज्याला हवंय तो फोर्क करेल, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत काढून पुढे नेईल. ज्या कंपनीचं प्रॉडक्शन तुमच्यावर अडतं तिच्याकडे पगारी इंजिनिअर आहेत, त्यांनी करावं. तुम्ही हक्क हस्तांतरित केलेत तर तुमच्या नावावर जमलेला विश्वास एका अनोळखी माणसाला देता. २०१८ मध्ये एनपीएमवरच्या (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या भांडारातल्या) इव्हेंट-स्ट्रीम लायब्ररीचं हेच झालं. मूळ लेखक ती वापरतही नव्हता, कुणीतरी मागितली म्हणून त्याने दिली, आणि नव्या मालकाने जोडलेल्या डिपेंडन्सीतून (आत ओढून घेतलेल्या दुसऱ्या पॅकेजातून) बिटकॉइनच्या पाकिटावर हल्ला झाला. फोर्कमध्ये हा धोका नाही. नवं नाव येतं, लोकांना ते समजून-उमजून निवडावं लागतं.

फक्त पॅकेज काढून टाकू नका. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड या छोट्या पॅकेजच्या अकरा ओळी एनपीएमवरून गेल्या आणि जगभरचे बिल्ड पडले. आर्काइव्ह म्हणजे दार लावणं, डिलीट म्हणजे घर पाडणं.

मेमोफील्ड

सरळरेषा, तुमचं कायद्याने बरोबर आहे, आणि फोर्कचा मुद्दा मला खरंच पटला. तरी एक सांगते.

गेल्या वर्षी मला एका निवृत्त संशोधकाचा मेल आला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ पासून एका पाणथळ जागेवरच्या पक्ष्यांच्या नोंदी डीबेसमध्ये ठेवल्या होत्या. ३१ फ्लॉपी. त्यातल्या २७ वाचता आल्या. माझ्या लायब्ररीने त्या फाइली उघडल्या, पण नोंदी कमी भरत होत्या. आम्ही दोघं मेलवर आठवडाभर बसलो. डीबीएफमध्ये रेकॉर्ड पुसलं की ते लगेच जात नाही, त्याच्या पहिल्या बाइटवर फक्त तारांकन पडतं. त्यांच्या एका जुन्या मदतनिसाने दोन ऋतूंच्या नोंदी चुकून तशा खुणावल्या होत्या. माझी लायब्ररी त्या मुकाट्याने गाळत होती. पुसलेली रेकॉर्डही वाचण्याचा पर्याय होता, पण डॉक्युमेंटेशनमध्ये तो मीच नीट लिहिलेला नव्हता. ६४० नोंदी परत मिळाल्या.

त्यांना मी "फोर्क करा" असं म्हणू शकले नसते. त्यांच्यासारखे लोक इश्यू टाकत नाहीत, स्टार देत नाहीत, आकड्यांत दिसत नाहीत. कंपनीच्या प्रॉडक्शनसाठी मी झोप मोडणार नाही, एवढं आता ठरलंय. या लोकांचं काय करायचं ते अजून ठरत नाही.

दुसरीपाळी

मी अशाच एका कंपनीत आहे. तुमची नाही, पण तुमच्यासारख्या बऱ्याच लायब्रऱ्या वापरतो. आतून काय होतं ते सांगते, बचाव म्हणून नाही.

मी दोनदा मॅनेजरला सांगितलं की या प्रकल्पाला पैसे देऊ. दोन्ही वेळा हो आलं आणि दोन्ही वेळा गाडी खरेदी विभागात अडली. देणगीसाठी त्यांच्याकडे रकानाच नाही. समोरून इन्व्हॉइस लागतं, कसली सेवा आणि किती मुदतीची ते लिहिलेलं लागतं. तेव्हा नुसतं स्पॉन्सर बटण ठेवण्यापेक्षा "वर्षभराचा सपोर्ट करार मिळेल, इन्व्हॉइस देऊ" एवढी एक ओळ रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या पानात) जास्त कामाची. तो "संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा" म्हणणारा इंजिनिअर आला की ती ओळ दाखवायची. त्याच्यावरही वरून दट्ट्या असतो. तरी त्याने परत येऊन दोन शब्द लिहायला हवे होते, हे मला मान्य आहे.

पैशाने सगळं सुटतं असं मात्र मी म्हणणार नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड हा सुरक्षेचा मोठा बग उघड झाला तेव्हा कळलं, की इंटरनेटच्या निम्म्या कुलपांमागे असलेल्या ओपनएसएसएलला वर्षाला साधारण २००० डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता. मग लिनक्स फाउंडेशनने पुढाकार घेऊन मोठ्या कंपन्यांकडून निधी उभा केला. पण तो आला अपघात झाल्यावर, आणि आला तो सगळ्यांना नाव माहीत असलेल्या प्रकल्पांकडे. डीबीएफ वाचणाऱ्या लायब्ररीपर्यंत तो झिरपत नाही. पैसे येईपर्यंत वाट बघत बसू नका. आधी वेळ आवरा.

जुनाकमिट

मेमोफील्ड, तुमची पहिली पोस्ट वाचून मी थोडा वेळ उठून फिरून आलो. धडधड म्हणालात ना, तिथे.

मी लॉग फाइली वाचणारं एक साधन सात वर्षं सांभाळलं. शेवटी काय केलं ते सांगतो, पण त्याआधी जे चुकलं ते. मी १४ महिने काहीच न बोलता गायब होतो. आर्काइव्ह नाही, सूचना नाही. वाटायचं, पुढच्या रविवारी बसू. त्या १४ महिन्यांत नऊ जणांनी पॅच पाठवले. एकीने तर विंडोजवर चालण्यासाठी लागणारा सगळा भाग लिहिला होता, सोबत टेस्ट. तीन वेळा अदबीने आठवण केली आणि मग तिनेच ती रिक्वेस्ट बंद केली. मी ते सगळं फोनवर वाचत होतो. उत्तर दिलं नाही. नंतर माफी मागितली, तोपर्यंत ती दुसरीकडे लागली होती. मी प्रकल्प सोडला याचं मला काही वाटत नाही. तिला बंद दारासमोर उभं ठेवलं, हे अजून आठवतं.

नंतर एका रात्री मी रीडमीच्या अगदी वर पाच ओळी लिहिल्या. नवी फीचर्स घेतली जाणार नाहीत. सुरक्षेचे आणि डेटा बिघडवणारे बग तेवढे बघेन. महिन्याच्या पहिल्या रविवारी बघेन, मधे नाही. तातडी असेल तर फोर्क करा, चांगला फोर्क असेल तर मी इथून दुवा देईन. आणि हे काम मी बिनपगारी करतो. मग फीचरचे सगळे इश्यू एकेका वाक्याचं उत्तर देऊन बंद केले, फोनवरून गिटहब काढून टाकलं.

सहा रागाचे मेसेज आले. एकाने लिहिलं, मग प्रकल्प सुरूच कशाला केलात. बाकी सगळं शांत. मला वाटलं होतं लोक तुटून पडतील. बहुतेकांना फक्त काय अपेक्षा ठेवायची तेवढंच कळायला हवं होतं.

तुमच्या त्या मुलाबद्दल, किंवा बाईंबद्दल, माहीत नाही आपल्याला: संशय मनात ठेवून कुढू नका, त्याला सरळ सांगा. "एक्सझेडनंतर मी एकट्या माणसाच्या भरवशावर हक्क देऊ शकत नाही, तुझ्याच काय, कुणाच्याही." प्रामाणिक असेल तर त्याला हे समजेल, कारण उद्या त्याच्याकडेही कुणीतरी असंच मागायला येणार आहे.

आणि पक्ष्यांच्या नोंदीवाले. त्यांच्यासाठी कोडपेक्षा एक पान लिहा. 'जुनी फाइल उघडत नसेल तर काय बघायचं'. तारांकन, कोडपेज, मेमो ब्लॉक. तुम्ही त्या आठवड्यात मेलवर जे लिहिलंत तेच. तुम्ही थांबलात तरी ते पान कामाला येईल.

मेमोफील्ड

पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांची उत्तरं मी छापून घेतली होती.

जुनाकमिटच्या पाच ओळी मी जवळजवळ तशाच घेतल्या, फक्त रविवार महिन्याचा दुसरा. इन्व्हॉइसची ओळ टाकली, अजून कुणी विचारलेलं नाही. ८७ पैकी ५२ इश्यू बंद केले. हे लिहिताना वाटतं तेवढं सोपं गेलं नाही. काही २०१७ पासून उघडे होते आणि प्रत्येकाला "हे होणार नाही" असं लिहिताना हात थांबायचा. तीस इश्यूंनंतर थांबेनासा झाला. अठरा जणांनी उत्तर दिलं, त्यातल्या अकरा जणांनी आभार मानले. दोघं चिडले.

रिलीज आता सीआयमधून निघतं. ज्याने सुरू केलं त्याला मंजुरी देता येत नाही. म्हणजे मला एकटीलाही रिलीज करता येत नाही, आणि हे लक्षात आलं तेव्हा का कोण जाणे, मला खूप हलकं वाटलं. त्यासाठी तिसरा माणूस लागत होता. जुन्या तिघांपैकी एकाला विचारलं, कोड लिहायचा नाही, महिन्यातून एकदा पाहून हो किंवा नाही म्हणायचं. तो लगेच तयार झाला. इतकी वर्षं मी त्याच्याकडे फक्त वेळच मागत होते.

आणि तो. त्याला मी सगळं लिहिलं, एक्सझेडचं नाव घेऊन. पाठवा दाबायला दोन दिवस लागले. त्याचं उत्तर त्याच रात्री आलं: "मी विचारायला नको होतं का, असं वाटत होतं. मलाही एकट्याला हे नकोच आहे." तो एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुने कॅटलॉग नव्या सिस्टिमवर आणतो, म्हणून त्याला फॉक्सप्रोच्या मेमोचं एवढं पडलं होतं. नाव सांगितलं, ते खरं असेलच असं नाही आणि आता ते कळण्याची गरजही उरलेली नाही. नमुना फाइली त्याने काढून टाकल्या. त्या बनवणारी स्क्रिप्ट ३४ ओळींची झाली. मी ती ओळ न् ओळ वाचली.

'जुनी फाइल उघडत नसेल तर' हे पान अर्धं झालंय. पक्ष्यांच्या नोंदींवाल्या काकांनी मसुदा वाचला आणि कोडपेजचा परिच्छेद त्यांना कळला नाही, तो परत लिहायचा आहे. येत्या दुसऱ्या रविवारसाठी रांगेत सगळ्यात वर आहे तो हेडरमधल्या वर्षाच्या बाइटचा बग: त्यात ०५ दिसलं तर १९०५ समजायचं की २००५. तिघंही त्यावर आधीच भांडायला लागलो आहोत.